पिंपाला पट्टा: लढून आलेल्या शिपायांना मजबूत केंद्र का हवं होतं? (की नकोच होतं?)

हडसनकाठ
मंडळी, गेल्या शनिवारी मुलाला घेऊन न्यू विंडसरला जाऊन आलो. आमच्या एडिसनपासून गाडीने दीडेक तास. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली शेवटची मोठी छावणी तिथे होती. त्या वेळच्या सभागृहाची प्रतिकृती उभी केली आहे. लांबट लाकडी खोली, बाक, एका टोकाला छोटं व्यासपीठ. १५ मार्च १७८३ ला जॉर्ज वॉशिंग्टन इथे आपल्याच चिडलेल्या अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला होता. कित्येक महिन्यांचा पगार थकलेला, १७८० मध्ये कबूल केलेलं अर्ध्या पगाराचं पेन्शन हवेत. छावणीत एक निनावी पत्रक फिरत होतं (लिहिणारा मेजर जॉन आर्मस्ट्राँग). त्याचा मथितार्थ असा: तह झाला तर शस्त्रं खाली ठेवू नका, युद्ध चालू राहिलं तर काँग्रेसला (म्हणजे तेरा राज्यांच्या तेव्हाच्या मध्यवर्ती सभेला) वाऱ्यावर सोडून रानात निघून जा.

वॉशिंग्टनचं भाषण कोणाला फारसं पटलं नव्हतं म्हणतात. मग त्याने एक पत्र वाचायला घेतलं, अक्षर लागेना, खिशातून चष्मा काढला. तुमच्या चाकरीत केस पिकले, आता डोळेही चालले, असं काहीसं पुटपुटला. समोरचे लोक ढसाढसा रडले. बंड तिथेच बसलं.

पण माझा प्रश्न वेगळाच आहे. त्याच्या महिनाभर आधी तोफखान्याचा प्रमुख हेन्री नॉक्स याने एका पत्रात लिहिलंय की सैन्यात सध्या प्याला उचलताना आवडीचं वाक्य कोणतं, तर ‘पिंपाला पट्टा!’ तेरा राज्यं म्हणजे पिंपाच्या तेरा फळ्या, त्यांना आवळणारा लोखंडी पट्टा हवा. म्हणजे राज्यघटनेच्या चार वर्षं आधी सैनिक मजबूत केंद्र सरकार मागत होते. राजाची सत्ता नको म्हणून आठ वर्षं लढलेली माणसं लगेच बळकट सत्ता का मागतात? देशप्रेम, की थकबाकी?

खडूस_आजोबा
थकबाकी. धागा बंद करायला हरकत नाही.

वाचनमात्र
आजोबा, थांबा हो. आत्ताच चहा टाकलाय.

मेघना_वाचते
आजोबांचं उत्तर अर्धं बरोबर आहे. थकबाकी का होती हे बघा ना. तेव्हाच्या काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता. ती राज्यांना मागणीपत्र धाडायची, राज्यं जमेल तेवढं द्यायची, बहुतेकदा द्यायचीच नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरीने मेंटेनन्सची नोटीस लावावी आणि लोकांनी तिच्याखालून दूध घेऊन निघून जावं, तसं. १७८१ मध्ये आयात मालावर ५ टक्के जकात काँग्रेसला द्यावी अशी दुरुस्ती आली. दुरुस्तीला तेराच्या तेरा राज्यांचा होकार लागायचा. एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि सगळं मुसळ केरात. १७८३ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तो शेवटी न्यूयॉर्कने अडवला.

कागदी चलन छापलं तर १७८० पर्यंत त्याची किंमत इतकी घसरली की काँग्रेसनेच चाळीसास एक हा दर मान्य केला. त्यामुळे उपाशी शिपायाला ‘राज्यघटनेतली त्रुटी’ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती त्याच्या ताटात होती. म्हणजे ताट रिकामं होतं.

वॉशिंग्टनने १७८० च्या मे महिन्यातच एका पत्रात लिहिलं होतं की एका डोक्याची हळूहळू तेरा डोकी होताना दिसताहेत. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचा पंचविशीतला मदतनीस अलेक्झांडर हॅमिल्टन छावणीतून पत्र लिहून सांगत होता की सगळ्या राज्यांची परिषद बोलवा आणि काँग्रेसला खरी सत्ता द्या. हे काही दिवाणखान्यात सुचलेले विचार नव्हेत.

सुभेदार_साताराकर
नमस्कार. मी इथे वाचतो जास्त, लिहितो कमी. अपशिंगे मिलिटरीजवळचा. २८ वर्षं नोकरी.

हडसनकाठ साहेब, तुम्ही ‘सैनिक’ म्हणता, पण त्या खोलीत अधिकारी होते ना? अर्ध्या पगाराचं पेन्शनही अधिकाऱ्यांनाच कबूल केलेलं. जवानाला काय?

आम्ही भरती झालो तेव्हा पे परेड असायची. टेबलावर पेटी, शेजारी क्लार्क, आपला नंबर पुकारला की सॅल्यूट मारून पुढे जायचं, रोलवर सही करायची, नोटा मोजून घ्यायच्या. एकदा डोंगरात वाट बंद झाल्याने दोन महिने पेटीच आली नाही. जेवण वेळेवर, कपडे अंगावर, तरी पलटणीतलं वातावरण बदललं. पोरं घरची पत्रं वाचून गप्प बसायची. आमच्या जेसीओ साहेबांनी कॅन्टीनमधून उधारीवर साबण नि सिगरेटी मिळवून दिल्या तेव्हा जरा हसू फुटलं. हे दोन महिन्यांचं. वर्षानुवर्षं पगार नाही आणि पायात बूट नाही, ही कल्पना करवत नाही. पण अशा वेळी जवान ‘केंद्र मजबूत करा’ म्हणणार नाही. तो म्हणेल, माझे पैसे द्या आणि घरी सोडा.

हडसनकाठ
सुभेदार साहेब, _/\_ नेमकं पकडलंत. जवानांनी तेच केलं. १ जानेवारी १७८१ ला मॉरिसटाउनजवळ पेन्सिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केलं. तक्रार अशी की आमची भरती तीन वर्षांची, ती संपली. अधिकारी म्हणतात करारात ‘तीन वर्षं किंवा युद्ध संपेपर्यंत’ असं लिहिलंय. दीड हजारांच्या आसपास माणसं शिस्तीत रांगा धरून प्रिन्स्टनला गेली, सार्जंट लोकांची समिती नेमली आणि वाटाघाटी केल्या. इंग्रजांनी हेर पाठवून थकलेला पगार देण्याची लालूच दाखवली, तर यांनी ते हेरच पकडून दिले. त्यांना फाशी झाली. शेवटी निम्म्याहून जास्त लोकांची सैन्यातून सुटका झाली.

मॉरिसटाउन आमच्या घरापासून जवळ आहे. तिथे लाकडी झोपड्या पुन्हा बांधून ठेवल्या आहेत. एकेका झोपडीत बारा जण, तिमजली फळ्यांवर झोपायचे. माझा मुलगा वरच्या फळीवर चढला आणि खाली उतरायलाच तयार नाही. त्याला वाटलं ट्रेनचा बर्थ.

रांगडा_गडी
त्याच महिन्याच्या शेवटी न्यू जर्सीच्या पलटणीने नक्कल केली तेव्हा काय झालं तेही लिहा की. वॉशिंग्टनने फौज पाठवून वेढलं आणि दोघांना गोळ्या घातल्या. झाडणारे कोण? त्यांच्याच बंडातले साथीदार. चष्मा काढून डोळे पाणावायला लावणारा हाच तो माणूस. साहेबांनी पत्रक काढलं तर भाषण, जवानांनी केलं तर गोळी.

वाचनमात्र
चहा संपला. दुसरा टाकतो.

काळोजीपंत
अवांतर आहे, पण राहवत नाही. आपल्याकडे याच वर्षांत इंग्रज-मराठे पहिलं युद्ध चालू होतं (१७७५ ते १७८२, शेवट सालबाईचा तह). आपल्या फौजांतही पगार तुंबला की शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरत. सरदार पुण्याकडे बोट दाखवायचे, पुणं मुलूखगिरीकडे. पिंप आपलंही होतं आणि फळ्याही होत्या. पट्टा कोणी घालायचा यावरच भांडण.

आणि तिकडे अमेरिकेत यॉर्कटाउनला ऑक्टोबर १७८१ मध्ये ज्याने शरणागती दिली तो लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूसमोर मराठे आणि निजाम यांना बरोबर घेऊन उभा राहिला तो हाच. तिकडे हरला आणि इकडे बढती.

खडूस_आजोबा
बढती कशाने मिळते हे अजून कळलं नसेल तर पंत तुम्ही कधी नोकरी केलेली दिसत नाही.

मेघना_वाचते
पंत, तुलना मोहक आहे पण एक फरक. आपल्या सरदाराची फौज ही त्याची स्वतःची. शिंद्यांचा शिपाई शिंद्यांचं मीठ खायचा. तिकडे व्हर्जिनियाचा पोरगा, मॅसॅच्युसेट्सचा कोळी आणि पेन्सिल्व्हेनियाचा जर्मन शेतकरी एका झेंड्याखाली, एकाच सेनापतीच्या हुकमात राहिले. जॉन मार्शल पुढे सरन्यायाधीश झाला. त्याने म्हातारपणी लिहिलंय की अमेरिका हाच माझा देश आणि काँग्रेस हेच माझं सरकार असं मानायची सवय सैन्यात पक्की झाली. व्हॅली फोर्जच्या छावणीतल्या हिवाळ्यात तो तिथे होता. १७७७-७८ चा तो हिवाळा, जवळजवळ दोन हजार माणसं लढाई न होता नुसती रोगराईने गेली. तेव्हा ‘देश’ म्हणजे आपलं राज्य असंच बहुतेक लोक समजायचे. बाकीच्यांच्या आधी शिपाई अमेरिकन झाला. म्हणून म्हणते, नुसती थकबाकी नाही.

रांगडा_गडी
मेघनाताई, मार्शल कॅप्टन होता. पुढे वकील, जमीनदार. त्याला अमेरिका दिसली. आता मी दुसरा कॅप्टन दाखवतो.

डॅनियल शेज. बंकर हिलला लढला, साराटोगाला लढला. फ्रेंच सेनानी लाफायेतने त्याला तलवार भेट दिली होती, ती त्याला पैशासाठी विकावी लागली. घरी मॅसॅच्युसेट्सला आला तर कर नाण्यांत भरा म्हणून सरकार मागे लागलेलं. नाणी आणणार कुठून? याच्या हातात काय, तर पगाराऐवजी दिलेला कागद. शिपायांनी ते कागद सावकारांना रुपयाला दोन आण्यांच्या भावाने विकले होते. आता तेच सावकार त्या कागदांचं व्याज पूर्ण दराने मागणार आणि ते भरायला कर कोणावर? ज्याने कागद विकला त्याच्यावर! डोकं भणभणतं की नाही?

मग १७८६ च्या ऑगस्टपासून यांनी कोर्टंच बंद पाडायला सुरुवात केली. कोर्ट बसलं नाही तर जप्ती नाही. टोपीत हेमलॉकच्या झाडाची डहाळी खोवायचे, युद्धात खोवायचे तशीच. २५ जानेवारी १७८७ ला बर्फातून चालत स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर गेले. समोर तोफा लावून उभा होता जनरल शेपर्ड. तोही त्याच सैन्यातला जुना अधिकारी! छर्रे सुटले, चार माणसं मेली, बाकीचे ‘खून, खून’ ओरडत पळाले.

तर शिपायांचं मत म्हणजे कोणाचं मत? तोफेच्या मागच्याचं की पुढच्याचं?

सुभेदार_साताराकर
याला म्हणतात मुद्दा. डहाळीचं वाचून पोटात कालवलं.

हडसनकाठ
रांगडा_गडी, जबरदस्त प्रतिसाद. एक पुरवणी जोडतो. शेजचं बंड मोडायला केंद्राकडे फौजच नव्हती. १७८४ च्या जूनमध्ये काँग्रेसने सगळं सैन्य मोडून उरवली किती माणसं? ८०. पंचावन्न वेस्ट पॉइंटला, पंचवीस पिट्सबर्गला, सामान राखायला. आमच्या मंडळाच्या गणपतीला याहून जास्त स्वयंसेवक असतात. शेवटी बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि त्या पैशावर जनरल लिंकनने सुमारे ३,००० माणसं उभी केली.

नॉक्स तेव्हा युद्धमंत्री होता. तो वॉशिंग्टनला घाबरवणारी पत्रं लिहीत होता. वॉशिंग्टन फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेला जायला तयार नव्हता, कारण तिथेच त्याच महिन्यात माजी अधिकाऱ्यांच्या ‘सोसायटी ऑफ द सिनसिनाटी’ची बैठक होती आणि तब्येत बरी नाही, घरची कामं आहेत असं कळवून त्याने ती टाळली होती. आता परिषदेला गेला तर ते लोक म्हणणार, संधिवात बरा झाला वाटतं? तरी गेला.

पोटोबा
ही सिनसिनाटी काय भानगड?

मेघना_वाचते
१७८३ च्या मे महिन्यात नॉक्सच्या पुढाकाराने झालेली अधिकाऱ्यांची संघटना. सभासदत्व बापाकडून थोरल्या मुलाकडे. राजा घालवला आणि लगेच वंशपरंपरागत बिल्ला! जेफरसन भडकला, फ्रँकलिनने टर उडवली. लोकांना भीती की हे लोक उमराव होऊन बसणार.

वाचनमात्र
थोडक्यात, माजी विद्यार्थी संघाचा व्हॉट्सॅप ग्रुप, पण मुलाला आपोआप अ‍ॅडमिन करणारा.

निळी_शाई
सगळे पगाराचं बोलताय. त्या सैन्यात काळे शिपाईही होते. ऱ्होड आयलंडने १७७८ मध्ये गुलामांना भरती केलं, मालकाला भरपाई आणि शिपायाला स्वातंत्र्य, अशा बोलीवर. पुढे जी मजबूत घटना आली तिच्यात पळून गेलेला गुलाम मालकाला परत करायचं कलम होतं. तोच पट्टा एखाद्याच्या गळ्यातही बसू शकतो.

काळोजीपंत
निळी_शाई, हे लिहायला हवं होतं. आभार.

खडूस_आजोबा
बरं, आणखी एक बंड राहिलं. २१ जून १७८३. फिलाडेल्फियात चारेकशे शिपायांनी स्टेट हाऊसला वेढा घातला, आत काँग्रेसचे सभासद. शेजारच्या गुत्त्यांतून शिपायांना दारू पोचत होती. काँग्रेसने पेन्सिल्व्हेनिया सरकारला विनवलं की मिलिशिया (राज्याची नागरिकांची फौज) बोलवा. सरकार म्हणालं, बघू. काँग्रेसने गाशा गुंडाळला आणि प्रिन्स्टन गाठलं. म्हणून पुढे घटनेत राजधानीसाठी कुठल्याच राज्याच्या मालकीचा नसलेला स्वतंत्र जिल्हा आला. म्हणजे आजचं वॉशिंग्टन शहर. पगार न देणाऱ्यांना घेरलं की काय होतं, तर ते पगार देत नाहीत, घर बदलतात.

रांगडा_गडी
आजोबा, आज फॉर्मात!

मेघना_वाचते
मूळ प्रश्नाकडे येते, कारण रांगडा_गडींच्या तोफेचा प्रश्न डोक्यातून जात नाही. १७८७-८८ मध्ये घटनेला मान्यता द्यायची की नाही यावर राज्याराज्यांत मतदान झालं, तेव्हा जुने फौजी दोन्हीकडे दिसतात. परिषदेत वॉशिंग्टन, हॅमिल्टन असे खूप होते. पण विरोधात कोण? न्यूयॉर्कचा गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन, युद्धात ब्रिगेडियर. तोफखान्याचा जॉन लँब. दक्षिणेतला गनिमी काव्याने लढलेला थॉमस समटर. आणि जेम्स मन्रो. ट्रेंटनला खांद्यात गोळी लागलेली, व्हॅली फोर्जलाही होता, म्हणजे मार्शलने सोसला तोच हिवाळा यानेही सोसलेला. व्हर्जिनियाच्या सभेत मार्शल बाजूने, मन्रो विरुद्ध. ८९ विरुद्ध ७९. मॅसॅच्युसेट्सला १८७ विरुद्ध १६८, न्यूयॉर्कला ३० विरुद्ध २७.

म्हणजे माझा आधीचा प्रतिसाद थोडा मागे घेते. उपासमार सगळ्यांनी पाहिली. एकाला वाटलं, दुबळ्या सरकारने आपल्याला मारलं. दुसऱ्याला वाटलं, आता बळकट सरकार मारेल. घटनेत सैन्याचा खर्च दोन वर्षांपेक्षा जास्त काळासाठी मंजूर करायचा नाही असं कलम आहे. कायमच्या फौजेची ती धास्ती फौजेत राहिलेल्यांनाही होती.

पोटोबा
आणि ते दोन आण्यांचे कागद? त्यांचं काय झालं शेवटी?

रांगडा_गडी
वाटच बघत होतो. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टन म्हणाला, नवं सरकार सगळे कागद पूर्ण किमतीला मानणार, आज ज्याच्या हातात असतील त्याला. काँग्रेसमधला जेम्स मॅडिसन म्हणाला, मूळ शिपायालाही काही वाटा द्या. मतदान ३६ विरुद्ध १३. मॅडिसन हरला. सरकारची पत बसली हे खरं. दोन आण्यांना घेणाऱ्याने रुपया वसूल केला हेही खरं.

हडसनकाठ
आता एक साधा शिपाई सांगतो, मग तुम्ही ठरवा. जोसेफ प्लंब मार्टिन, कनेक्टिकटचा. पंधराव्या वर्षी भरती, शेवटपर्यंत राहिला. १७८० मध्ये मॉरिसटाउनला उपाशी पलटणीने दंगा केला त्यात हाही होता. सुटका झाल्यावर उत्तरेकडच्या मेन प्रांतात गेला, मोकळी जमीन बघून शेती केली. तर त्या जमिनीवर मालकीहक्क सांगत आलं कोण?

वाचनमात्र
नको. नॉक्स म्हणू नका.

हडसनकाठ
नॉक्स. पिंपाला पट्टावाला. बायकोकडून आलेल्या वारशामुळे त्या भागातली प्रचंड जमीन त्याच्याकडे आली होती. मार्टिनने विनंतीपत्र लिहिलं, जमीन राहू द्या म्हणून. उपयोग झाला नाही. १८१८ मध्ये केंद्र सरकारने गरजू जुन्या शिपायांना महिना आठ डॉलर पेन्शन लावलं. १८२० मध्ये मार्टिनला आपली मालमत्ता शपथेवर लिहून द्यावी लागली. जमीन नाही. दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर. शेवटी ते आठ डॉलर मिळाले ते त्या मजबूत केंद्राकडूनच, युद्ध संपून पस्तीस वर्षांनी. आणि हो, बंड करणाऱ्या शेजलाही त्याच सरकारने म्हातारपणी पेन्शन दिलं.

रांगडा_गडी
नॉक्सचं पुढे काय झालं?

खडूस_आजोबा
१८०६ मध्ये कोंबडीचं हाड गिळलं, त्यातून आजार होऊन गेला.

पोटोबा
मी माझं नाव बदलतोय.

सुभेदार_साताराकर
मार्टिनची यादी वाचली. पेन्शनच्या कागदांसाठी माझ्या वडिलांची अशीच यादी तलाठ्याकडे करायला गेलो होतो. म्हैस एक, रेडकू एक. तलाठी म्हणाला रेडकू लिहू नका, ते धरत नाहीत. वडील म्हणाले, लिहा. आहे ते आहे.

हडसनकाठ साहेब, पुढच्या वेळी त्या झोपडीत गेलात तर वरच्या फळीवरून दाराकडे बघा. आम्ही बंकरमध्ये वरचा बर्थ कधीच घेत नव्हतो. धूर सगळा वरच जातो.